वेशीवरचा दगड

"आजोबा, उद्या आपण कॅश शोधायला जायचं," असं माझ्या अकरा वर्षांच्या नातीनं शेफिल्डच्या घरात मी पाऊल टाकताक्षणी जाहीर केलं, तेव्हा मला हसू आवरेना. बँकेत छत्तीस वर्षं कॅश मोजण्यात आणि संध्याकाळी ती जुळवण्यात घालवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर सातासमुद्रापार येऊन पुन्हा कॅशच शोधायची? शिवाय बँकेत कॅश शोधायची वेळ आली, तर ती फार वाईट वेळ असते. एकदा एका रुपयाच्या फरकापायी सहा माणसं रात्री साडेनऊपर्यंत वह्या चाळत बसलेली मला आठवतात.

पण ही कॅश वेगळी. उच्चार तोच, स्पेलिंग निराळं, आणि मूळ 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दात. तिनं मला खेळ समजावून सांगितला. कुणीतरी, कुठंतरी, एक डबा लपवून ठेवतो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण हातातल्या यंत्रावर ते आकडे घालून चालत सुटायचं. डबा सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची. डब्यात बारीकसारीक वस्तू असतात. एखादी आवडली तर घ्यायची, पण तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा परत लपवायचा. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

"आणि कुणी डबाच पळवला तर?" मी विचारलं. सवय!

"कशाला पळवेल?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आश्चर्य होतं, की मी गप्प बसलो.

या खेळाचा जन्म मोठा गमतीदार आहे. अमेरिकेनं आपल्या लष्करासाठी आकाशात सोडलेल्या उपग्रहांच्या आधारे पृथ्वीवरची कोणतीही जागा हुडकता येत असे. पण सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात सरकार मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभरेक मीटरचा घोळ पडायचा. २ मे २००० या दिवशी ही मिसळलेली चूक काढून घेतली गेली. लगेच दुसऱ्या दिवशी ओरेगॉन राज्यातल्या डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली अर्धवट पुरली, तीत काही पुस्तकं, एक गलोल, घेवड्याचा एक बंद डबा असलं सामान ठेवलं आणि तिचा ठावठिकाणा जाहीर केला. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे लपलेले आहेत म्हणतात. अर्थात इंग्रज माणूस तुम्हाला सांगेल, की यात अमेरिकेचं नवं ते काय? डार्टमूरच्या निर्जन माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमियर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली होती. एवढी पायपीट करून जो पोचेल त्यानं आपलं कार्ड तीत टाकावं. त्यातून तिकडं पत्रपेट्या शोधण्याचा छंदच सुरू झाला. असो. कुणी आधी लपवलं हा वाद आपल्याला नको.

आम्ही निघालो ते ईम नावाच्या गावाला. लिहिताना इंग्रजीत 'एयाम' वाटावं असं लिहितात, म्हणताना 'ईम'. शेफिल्डहून गाडीनं पाऊणएक तासाची वाट. शहर संपतं आणि एकदम उघडे माळ सुरू होतात. ऑगस्ट असल्यामुळे सगळीकडे हेदरचा जांभळा रंग पसरला होता. आमच्या रत्नागिरीकडच्या सड्यावर भाद्रपदात जशी फुलं उमलतात, तसा. फक्त मधे मधे मेंढरं. आणि सगळीकडे गडगे! चुन्या-सिमेंटाशिवाय नुसता दगडावर दगड बसवून रचलेले, मैलोन् मैल. आमच्याकडे जांभ्याचे, तिथं दुसऱ्या दगडाचे, एवढाच फरक. हा गडगा मोडला तर रचणारा माणूस तिथंही आता सहजी मिळत नाही, असं मुलगी म्हणाली. नातीनं मला बजावलं, की इथल्या नियमाप्रमाणे गडग्यात डबा लपवता येत नाही, कारण शोधणारे उत्साहाच्या भरात दगड उपसतात. तेव्हा एकाही दगडाला हात लावायचा नाही. मी बरं म्हटलं.

आजचा डबा साधा नव्हता, कोड्याचा होता. त्याच्या ठिकाणाचे अखेरचे तीन आकडे दिलेले नव्हते. ते गावात फिरून गोळा करायचे होते. पहिला आकडा: रेक्टरच्या पत्नीच्या मृत्यूचा महिना. दुसरा: वेशीवरच्या दगडाला भोकं किती? तिसरा: रायलीच्या रानात हॅनकॉक आडनावाची माणसं किती पुरली आहेत?

तिसरा प्रश्न वाचून मुलीनं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, गाव तसं आहे," ती म्हणाली. "मी तुम्हाला सांगायला हवं होतं."

ईमची गोष्ट इंग्लंडात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सन १६६५. लंडनमध्ये प्लेगचं थैमान चाललेलं. शंभर कोसांवरच्या या डोंगरगावात, जिथं बरीच माणसं शिसं खणून पोट भरत, त्याची झळ पोचायचं काही कारण नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीस अलेक्झांडर हॅडफिल्ड या शिंप्याकडं लंडनहून कापडाची पेटी आली. कापड दमट होतं, म्हणून त्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स यानं ते विस्तवापुढं वाळत घातलं. ७ सप्टेंबरला त्याचं दफन झाल्याची नोंद आहे. परंपरा सांगते की त्या कापडात पिसवा होत्या. प्लेग पिसवांतून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवून दिलं ते १८९८ साली, आणि तेही कराचीत. म्हणजे ईमच्या लोकांना आपण कशानं मरतो आहोत, ते कळायला सव्वादोनशे वर्षं अवकाश होता.

चर्चशेजारी ती घरं अजून उभी आहेत. दगडी, बुटकी, दारात फुलझाडं. प्रत्येक घरापुढं एक हिरवी पाटी, आणि पाटीवर त्या घरातले कोण कधी गेले त्यांची नावं. आपल्याकडं घरावर मालकाचं नाव असतं. तिथं राहणारी आजची माणसं रोज सकाळी दूध घेताना ती नावं वाचत असतील का, असा विचार मनात आला. एका घराच्या खिडकीत मांजर झोपलं होतं आणि आत रेडिओ चालू होता.

हिवाळ्यात साथ मंदावली आणि १६६६ च्या उन्हाळ्यात परत पेटली. ज्यांना दुसरीकडं आसरा होता अशी काही श्रीमंत कुटुंबं आधीच निघून गेली होती. उरलेले पळायच्या बेतात होते. त्या वेळी गावचा रेक्टर होता विल्यम मॉम्पेसन, वय वर्षं २८, गावात येऊन दोनच वर्षं झालेली. लोकांचा त्याच्यावर विशेष जीव नव्हता. जीव होता तो थॉमस स्टॅन्ली या जुन्या धर्मोपदेशकावर. त्याला धर्ममतांच्या भांडणात १६६२ साली पदावरून दूर व्हावं लागलं होतं. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन माणसं जून महिन्यात एकत्र आली आणि त्यांनी गावापुढं तीन गोष्टी ठेवल्या. ज्याचं त्यानं आपलं माणूस आपल्याच रानात, परड्यात पुरायचं. चर्च बंद, प्रार्थना कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत, उघड्यावर, एकमेकांपासून लांब उभं राहून. आणि तिसरी गोष्ट म्हणजे साथ सरेपर्यंत गावाची वेस कुणी ओलांडायची नाही.

गावानं मान्य केलं. पळून जाऊन आसपासच्या गावांना, शेफिल्डसारख्या शहराला हा रोग द्यायचा नाही, म्हणून आपण होऊन आत राहिले. चॅट्सवर्थच्या वाड्यातल्या डेव्हनशरच्या अर्लनं धान्य पुरवायचं कबूल केलं. पुढल्या नोव्हेंबरपर्यंत २६० माणसं गेली. एकट्या ऑगस्टमध्ये पाऊणशेच्या आसपास. मॉम्पेसननं नोव्हेंबर १६६६ मध्ये लिहिलेल्या पत्रात स्वतःचा हिशेब दिला आहे: ७६ कुटुंबांत रोग शिरला, २५९ माणसं मेली. जुनी पुस्तकं गावची वस्ती साडेतीनशे धरतात, अलीकडचे अभ्यासक सातशे-आठशेच्या घरात. कुठलाही आकडा घेतला तरी नुकसान मोठंच.

त्याची पत्नी कॅथरीन २५ ऑगस्टला गेली. वय २७. चर्चच्या आवारात तिचं थडगं आहे, आणि जवळच हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा, कोरीव कामाचा एक दगडी क्रूस. नातीनं वहीत लिहिलं: आठ.

वेशीवरच्या दगडाकडं जायचं तर लिडगेट या गल्लीतून जावं लागतं. तिथं घरांच्या मधोमध, दोन मोटारी उभ्या राहतील एवढ्याशा जागेत एका बापाची आणि त्याच्या लेकीची कबर आहे. पुढं गल्ली संपते आणि कुरणांतून पाऊलवाट लागते. ही कुरणं खाजगी मालकीची. पण वाट पूर्वापार वहिवाटीची असेल तर तीवरून चालण्याचा हक्क तिथं कुणालाही आहे, आणि मालकाला तो अडवता येत नाही. गडगा आडवा आला की दगडाच्याच पायऱ्या बाहेर काढून ठेवलेल्या, त्यावर चढायचं आणि पलीकडं उतरायचं. सदुसष्टीच्या उंबरठ्यावरच्या गुडघ्यांना असे चार गडगे पुरेसे होतात.

मग तो दगड. कुरणाच्या मधे, उतारावर, नुसता पडलेला. कठडा नाही, छप्पर नाही. म्हशीच्या पाठीएवढा धोंडा, वर भोकं. खाली उतारापलीकडं स्टोनी मिडलटन गाव. ईमच्या लोकांनी इथवर यायचं आणि मिडलटनच्या लोकांनीही इथवरच यायचं. भोकांत व्हिनेगर भरलेलं असे. काय हवं नको ते कळवून ईमकरी व्हिनेगरमध्ये पैसे टाकून जात. मागाहून पलीकडचे येत, भाकरी-धान्य ठेवत, पैसे उचलून निघून जात. गावाच्या उत्तरेला वर डोंगरात एक झरा आहे, तिथंही हाच व्यवहार चाले. तिथं नाणी वाहत्या पाण्यात ठेवत.

माझ्यातला बँकवाला तिथं जागा झाला. ना पावती, ना साक्षीदार, ना भाव करायला समोर माणूस. भाकरीची किंमत कोण ठरवी? कुणी चार नाणी टाकून सहाची भाकरी उचलली तर? दोन्हीकडं उपाशी आणि घाबरलेली माणसं. आणि तरी हा व्यवहार महिनोन् महिने चालला, तो चालल्यावाचून ईममधली उरलेली माणसं जगली नसती. आम्ही बँकेत दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांशिवाय तिजोरी उघडत नव्हतो.

"सहा," नात म्हणाली. तिनं बोट घालून मोजली होती. भोकांत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी टाकलेली तांब्याची नाणी पडली होती, पावसाच्या पाण्यात. "हे कोण नेतं?"

"आता कुणी नेत नसेल."

"मग टाकतात कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर तिच्याकडं माझं लक्षच नव्हतं. मला दुसरा एक दगड दिसत होता.

ही गोष्ट मी आजवर लिहिलेली नाही. कादंबरीकार असून लिहिलेली नाही, यावरून काय ते समजा. मी २०१९ साली निवृत्त झालो. १९ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या सहा दिवस आधी, आम्ही उभयता पुण्याहून कोकणातल्या आमच्या गावी पोचलो. तिथल्या मूळ घरी माझी काकू असे, वय ८८. तिचा एकुलता एक मुलगा, माझा चुलतभाऊ, मुंबईला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. एप्रिलअखेर मुंबईच्या बातम्या ऐकून गाव हबकलं. चाकरमानी परतायला लागले होते. देवळात गावकीची बैठक बसली, आणि ठराव लिहायचं काम साहजिकच माझ्याकडं आलं. बँकेतला माणूस, शिवाय लेखक. मी तो एकटाकी लिहिला. गावाबाहेरून येणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही कारणास्तव, चौदा दिवस शाळेत राहिल्याशिवाय गावात प्रवेश दिला जाणार नाही. 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द माझे. लोकांनी ते सुचवले नव्हते. पण छत्तीस वर्षं करारनामे वाचल्यावर पळवाट बुजवायची हाताला सवय लागते. वाचून दाखवल्यावर दोघांनी 'वा' म्हटल्याचंही मला आठवतं.

अण्णा १४ मे रोजी, वहिनी आणि मुलासह, टेम्पोत मागं बसून आला. शाळेच्या फाटकाशी जांभ्याचा एक चिरा आहे. त्याच्यावर आम्ही जेवण ठेवायचं, वीस पावलं मागं यायचं, मग त्यानं उचलायचं. भांडी परत घ्यायची नाहीत असं ठरलेलं, म्हणून पत्रावळीत बांधून देत होतो. एके दिवशी काकू अडून बसली. माझ्या लेकाला भिकाऱ्यासारखं पानात बांधून काय देता? तिनं आपला स्टीलचा डबा काढून दिला, तिचं नाव कोरलेला. आंबोळ्या होत्या आणि फणसाची भाजी. मी तो चिऱ्यावर ठेवला.

नवव्या दिवशी पहाटे काकू गेली. म्हातारपण, दुसरं काही नाही. शाळेपासून घर हाकेच्या अंतरावर. अण्णा फाटकाशी येऊन म्हणाला, अर्धा तास द्या, लांब उभा राहतो, तोंडावर फडका बांधतो. दोघातिघांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, ठराव झालेला आहे.

अग्नी मी दिला. शाळेच्या ओट्यावरून धूर दिसतो.

शाळेत राहिलेल्यांपैकी कुणालाही पुढं काही झालं नाही. पंधराव्या दिवशी अण्णा घरात न येता त्याच टेम्पोनं परत गेला. त्यानंतर गणपतीला नाही, शिमग्याला नाही. भांडण नाही. फोन केला तर उचलतो, प्रकृती विचारतो.

ईमच्या त्या दगडाशी उभं राहून मला जे वाटलं, ते एवढंच, की दगड सारखा, व्हिनेगर आणि सॅनिटायझर सारखं, वीस पावलंही सारखी. पण त्या लोकांनी स्वतःला आत कोंडून घेतलं होतं आणि आम्ही दुसऱ्याला बाहेर ठेवलं होतं. त्यांची वेस आतून बंद होती. आमची बाहेरून येणाऱ्याला बंद होती, आणि मी सहा-सात आठवड्यांपूर्वी तीच ओलांडून आत आलेला होतो.

प्लेग म्हटलं की मराठी माणसाला १८९७ आठवणारच. मुंबईत १८९६ साली आलेला प्लेग पुण्यात पोचला. रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घरात, माजघरात घुसले, माणसं ओढून छावण्यांत नेली, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या. त्या साथीसाठी इंग्रजांनी केलेला १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा उघडला गेला. ज्या देशाच्या एका खेड्यात लोकांना समजावून वेस बंद केली, त्याच देशाच्या अधिकाऱ्यांनी सव्वादोनशे वर्षांनी पुण्यात संगिनी आणल्या, असं वाक्य मी मनातल्या मनात जुळवलंही. टाळ्या मिळतील असं आहे. पण मग आमच्या देवळातल्या बैठकीत तर सोजीर नव्हते. माझी आजी सांगायची, उंदीर पडला की अख्खं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत जायचं. सगळे एकदम. तिच्या त्या गोष्टीत शाळेच्या ओट्यावर एकटा बसलेला कुणी नव्हता.

आणि ईमचीही गोष्ट पाटीवर लिहिली आहे तितकी स्वच्छ नाही, हेही सांगायला हवं. मॉम्पेसननं वेस बंद होण्याआधी आपली दोन लहान मुलं यॉर्कशरला पाठवून दिली होती. बायकोनं मात्र जायचं नाकारलं. त्याच्यावर टीका करणारे हे आवर्जून सांगतात. मी करणार नाही. १९ मार्चला पोचलेल्या माणसाला तो अधिकार नाही. २०१६ च्या एका अभ्यासानुसार तिथली सुमारे तीन-चतुर्थांश लागण पिसवा-उंदरांतून नव्हे, तर माणसाकडून माणसाला झाली असावी. म्हणजे दार बंद केल्यानं बाहेरचे वाचले असतील, पण आतले जास्त मेले असतील. आणि गरिबाला जायला जागा तरी कुठं होती? ईमची एक बाई टाइड्सवेलच्या बाजाराला गेली आणि ओळखली गेली, तर लोकांनी तिला जे हाताला लागेल ते फेकून मारत हुसकावली, असं सांगतात. खुद्द मॉम्पेसनलाही ते चुकलं नाही. पुढं काही वर्षांनी त्याची ईक्रिंगला बदली झाली, तेव्हा प्लेगच्या गावाहून आला म्हणून तिथले लोक त्याला गावात घेईनात. रानात झोपडीत राहून त्यानं एका झाडाखाली प्रवचनं केली. ही गोष्ट मला गावच्या छोट्या संग्रहालयात कळली. त्याच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा नाही, उंदीर आहे! ईमच्या लोकांना विनोदबुद्धी आहे.

रायलीची दफनभूमी गावाच्या पूर्वेला, चढावर. एका मोकळ्या रानात गोल गडग्याच्या आत थोडे दगड. इथं एलिझाबेथ हॅनकॉक राहत होती. ऑगस्ट १६६६ मध्ये, ३ ते १० तारखेच्या दरम्यान, आठ दिवसांत तिनं नवरा आणि सहा मुलं पुरली. एकटीनं. नियमच होता, ज्याचं त्यानं. मिडलटनचे लोक पलीकडच्या टेकडीवरून पाहत होते आणि भीतीनं जवळ येत नव्हते, असं सांगतात. ती स्वतः जगली. तिचा एक मुलगा शेफिल्डला शिकाऊ कामगार होता. सगळं झाल्यावर ती त्याच्याकडं निघून गेली.

नात दगडांवरची नावं वाचत फिरली. मग गडग्यापाशी येऊन उभी राहिली. तिनं वहीत सात आकडा लिहिला होता, पण यंत्रात घातला नव्हता.

"आजोबा, लांबून बघणाऱ्यांना तिनं हाक मारली असेल का?"

"मारली असेल."

"मग ते आले का नाहीत?"

"घाबरले होते."

"आणि नंतर? सगळं संपल्यावर? तेव्हा आले का?"

मुलगी म्हणाली, "चल, आकडे घाल आता. पाऊस येतोय."

आठ, सहा, सात. यंत्रातल्या बाणानं आम्हाला रानाच्या कडेला एका जुन्या झाडाकडं नेलं. वाटेवरून कुत्रा घेऊन जाणारं एक जोडपं दिसलं, तेव्हा आम्ही तिघंही देखावा बघतोय असं दाखवत उभे राहिलो. खेळ न खेळणाऱ्यांना पत्ता लागू द्यायचा नसतो. ते दिसेनासे झाले, मग नातीनं मुळांच्या बेचक्यात हात घातला आणि पालापाचोळ्याखालून जेवणाचा डबा असतो तसा एक प्लॅस्टिकचा डबा बाहेर काढला. आत एक गोटी, शिट्टी, बटणं, एक छोटा डायनॉसॉर, आणि पिशवीत बांधलेली वही. वहीत आमच्या आधी येऊन गेलेल्यांच्या सह्या होत्या. काही पानं भिजून सुकलेली. मी ती वही सवयीनं पहिल्या पानापासून तपासली. एकही तारीख मागंपुढं नव्हती.

तिला गोटी हवी होती. बदल्यात ठेवायला तिच्याकडं काही नव्हतं. माझ्या खिशात पाच रुपयांचं एक नाणं निघालं. "चालेल का? मोल सारखं आहे?" तिनं विचारलं. गोटी पेन्समध्ये किती, पाच रुपये पेन्समध्ये किती, हे मी हिशेबून सांगितलं. ती म्हणाली, चालेल. डबा होता तसा परत गेला, वर पाचोळा गेला, आणि आम्ही भिजत गाडीपाशी आलो.

त्या आठवड्यात ईममध्ये विहिरी सजवायची तयारी चालली होती. डर्बीशरची ही जुनी चाल. लाकडी फळ्यांवर ओली माती थापून तीत फुलांच्या पाकळ्या एकेक करून दाबून चित्रं काढतात. आपल्याकडच्या फुलांच्या रांगोळीसारखी, पण उभी. आणि ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कक्लेट डेल्फच्या त्या घळीत गाव दरवर्षी एकत्र जमतं. आम्ही त्यासाठी थांबलो नाही.

शेफिल्डला परतल्यावर रात्री मी फोनमधला दगडाचा फोटो काढून पाहिला. त्यात कोपऱ्यात नातीचे बूट आलेत. अण्णाला तो पाठवला. खाली लिहिलं, अण्णा, इकडं एका गावाच्या वेशीवर असा दगड आहे. पूर्वी साथीत गावकरी इथं पैसे ठेवायचे आणि बाहेरचे भाकरी. ठराव मी लिहिला होता. 'कोणत्याही कारणास्तव' हे मी घातलं होतं. तुला ते माहीत नसेल.

तीन दिवस उत्तर नव्हतं. त्यानं वाचल्याची खूण मात्र आली होती. चौथ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिकडं दुपारी, दोन ओळी आल्या.

"माहीत होतं. अक्षर तुझंच होतं, शाळेच्या दारावर चिकटवलेलं.

आईचा डबा माझ्याकडं आहे. घासून ठेवलाय."